वाइनचा परतावा: वायनरीला की बागेला?

राज्याच्या वाइन प्रोत्साहन योजनेत वाइनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी (विक्रीकरापैकी) १६ टक्के, म्हणजे पाचातले चार हिस्से, वायनरीला परत मिळतात. त्यानं अकलूजच्या पट्ट्यातल्या वायनरीला बळ मिळतं, हाताला काम मिळतं, हे मान्य. पण वायनरी आणि द्राक्ष बागायतदार यांच्या करारात खरेदीदर बांधलेला नसेल, तर त्यातला रुपयाही बागायतदारापर्यंत पोचेल याची हमी नाही.

दुसरा मार्ग म्हणजे तीच रक्कम थेट बागेला: ठिबक, प्लास्टिक आच्छादन, बेदाण्याचं शेड. सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका ही द्राक्षाची जात लावणाऱ्याचा माल वाइनला नाही, खायला किंवा बेदाण्याला जातो. अवकाळी मात्र वाइनची आणि खायची द्राक्षं लावणाऱ्या दोघांच्याही बागा झोडपतो. म्हणून मला हा दुसरा मार्गच न्याय्य वाटतो. पहिला ठेवायचाच असेल, तर परताव्याला लेखी खरेदीदराची अट घाला.