कान उघडायचे कसे: वलसाल्वा की फ्रेंझेल?

पाण्यात खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो; नाकामागून कानात हवा सोडून तो सारखा करणं म्हणजे कान उघडणं. स्कूबा शिकताना पहिल्या दिवशी त्यासाठी वलसाल्वाचीच रीत दाखवतात. नाक दाबायचं, तोंड मिटायचं, छातीतून हलकी फुंकर. १७०४ साली इटलीच्या वलसाल्वाने कानावरच्या ग्रंथात नोंदवलेली ही रीत पाच मिनिटांत जमते आणि हलक्या हाताने केली तर बहुतेकांना पुरतेही.

मला खटकला तो तिचा जोर. त्याला लगाम नाही. तारकर्लीला सहा-सात मीटरवर माझा डावा कान अडला. खरं तर वर यायला हवं होतं. मी छातीतून जोर लावला. फट्‌कन काहीतरी सुटलं आणि समुद्राचा तळच गरगरू लागला. किनाऱ्यावर आलो तेव्हा कानात रातकिडे ओरडत होते. डॉक्टरांनी पाहिलं, पडदा शाबूत होता. इजा आतल्या कानाला होती. अडलेल्या कानात पडद्यामागचा दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा कमी राहतो. त्यात आपण कुंथलो की मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढतो, तो आतल्या कानापर्यंत पोचतो आणि गोल खिडकीचा, म्हणजे मधल्या आणि आतल्या कानामधल्या छोट्या भोकावरचा, नाजूक पडदा आतून ताणला जातो, कधी फाटतो. मग स्टेरॉइडच्या गोळ्या, उंच उशी, वाकायचं नाही, कुंथायचं नाही. ऐकू येणं बरंचसं परत आलं, पण घड्याळाची टिकटिक डाव्या कानाला अजून येत नाही.

फ्रेंझेलमध्ये छातीला कामच नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांना ही रीत शिकवली गेली. नाक दाबून घसा बंद करायचा आणि ‘क’ म्हणताना जिभेचं मूळ टाळूला टेकतं तसं टेकवून तोंडातली हवा मागे ढकलायची. आरशात पाहा: कंठमणी वर उचलला जातो, नाकपुड्या फुगतात, पोट हलत नाही. पोट हललं तर तो वलसाल्वाच. मला हे जमायला तीन आठवडे लागले, काहींना जास्तही लागतील. पण जोर जिभेपुरताच राहतो. डॉक्टरांच्या परवानगीने पुन्हा पाण्यात उतरल्यापासून मी हेच करतो आणि कान एकदाही दुखलेला नाही.

प्रत्येकाचा कान वेगळा, हे मान्य. तरी हातात महिना असेल तर मी फ्रेंझेलच सांगेन. उद्याच उतरायचं असेल तर वलसाल्वा चालेल, पण पाण्यावर असतानाच सुरू करा, दर अर्ध्या मीटरला हलकेच करा, आणि कान अडला की जोर न लावता मीटरभर वर या.