आयरिश आडनावांचे छापील पट: घेण्याआधी काय तपासावं

डब्लिनमधल्या भेटवस्तूंच्या दुकानांत आणि ऑनलाइनही आडनावांचे पट मिळतात. वर ढालीचं चिन्ह, खाली आडनावाचं आयरिश रूप, त्याचा अर्थ आणि घराण्याचा इतिहास. तुम्ही आडनाव सांगायचं, विक्रेता यादीतून मजकूर काढतो आणि जुनाट दिसणाऱ्या कागदावर छापून देतो. छपाई बहुधा नीटनेटकी असते. घोटाळा मजकुरात असतो, कारण घराणं कोणत्या काउंटीतलं (म्हणजे आयर्लंडच्या कोणत्या जिल्ह्यातलं) हे कुणी विचारतच नाही.

अर्थ स्पष्ट असलेली आडनावं असतील तर पट ठीक निघतात. मर्फी म्हणजे ‘सागरी योद्ध्याचा’ वंशज, बर्नमध्ये ‘डोमकावळा’, डॉइल म्हणजे ‘काळा परका’ (नॉर्स म्हणजे व्हायकिंग लोकांशी जोडलेलं नाव), वॉल्श म्हणजे वेल्सहून आलेला. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि ‘फिट्झ’ हाही मुलगाच, पण ११६९ नंतर आलेल्या नॉर्मन लोकांच्या भाषेतला. फिट्झपॅट्रिकवर पटाची परीक्षा होते. हे नाव दिसायला नॉर्मन, पण घराणं ऑसरी या जुन्या आयरिश राज्याचं, अस्सल गेलिक, म्हणजे मूळ आयरिश. त्या पटावर ‘नॉर्मन’ छापलं असेल तर तो जागेवर ठेवून द्यावा. सलिव्हनचंही तसंच: नावात ‘डोळा’ आहे हे बहुतेक मानतात, पुढच्या भागावर वाद आहे. ‘काळ्या डोळ्यांचा’ एवढंच ठासून छापणारा पट तो वाद झाकतो.

खरी पंचाईत भाषांतरित आडनावांत होते. स्मिथ घ्या. कॅव्हन काउंटीतले पुष्कळ स्मिथ मुळात मॅक गवन, म्हणजे लोहाराचा मुलगा. आयरिश नावाचं सरळ इंग्रजी झालं. इतरत्र तोच स्मिथ इंग्लंडहून आलेल्या वसाहतकऱ्याचा असू शकतो. काही भाषांतरं तर चुकीचीच झाली: सुताराचा मुलगा असा अर्थ असलेलं नाव ‘स्वतंत्र’ या शब्दासारखं दिसतं, म्हणून काही जण फ्रीमन झाले. १४६५ च्या कायद्याने डब्लिनभोवतालच्या इंग्रज टापूतल्या आयरिश लोकांना गावाचं, रंगाचं, कसबाचं किंवा हुद्द्याचं इंग्रजी आडनाव घ्यायला सांगितलं होतं. त्यामुळे व्हाइट, ब्राउन, कुक अशा नावांवरून वंश सांगताच येत नाही. पट मात्र बिनदिक्कत सांगतो.

कॉनर तर पाहायलाच हवा. कॉनाक्ट, केरी, ऑफली, क्लेअर इथली कॉनर घराणी वेगवेगळी. तरी सगळ्या पटांवर कॉनाक्टचा राजवंश आणि त्यांचा हिरवा ओक. केरीच्या कॉनरना हे देणं म्हणजे शेजाऱ्याचे आजोबा भिंतीवर लावणं. चिन्हाचंही तेच: आयर्लंडमध्ये कुलचिन्ह व्यक्तीला दिलं जातं, आडनावाला नव्हे. १९४३ पासून ते काम राष्ट्रीय ग्रंथालयाशी जोडलेल्या मुख्य हेराल्डच्या (कुलचिन्हं देणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयाकडे आहे. पटावरचं चिन्ह शोभेचं समजावं.

म्हणून पैसे देण्याआधी काउंटी शोधा. त्यासाठी खर्च येत नाही. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर १९०१ आणि १९११ ची जनगणना मोफत आहे. आडनाव आणि पूर्वजाचं पहिलं नाव घालून शोधा, मग मूळ अर्जाची प्रत उघडा. नुसत्या नकललेल्या यादीवर थांबू नका, नक्कल करताना अक्षरं चुकली आहेत. नाव सापडलं नाही तर ‘ओ’ किंवा ‘मॅक’ काढून पुन्हा बघा. सतराव्या-अठराव्या शतकात असंख्य घराण्यांनी हे उपसर्ग टाकले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काहींनी परत लावले. त्यामुळे आजचा ओसलिव्हन कागदावर सलिव्हन असतो. १९०१ च्या आधी देश सोडलेल्यांसाठी ग्रिफिथचं मूल्यांकन, म्हणजे जमीन-घरांच्या करआकारणीची नोंद (१८४७ ते १८६४), पाहावं. त्यात जमीन किंवा घर ज्याच्या नावावर, तेवढाच सापडतो; बायको-मुलं नाहीत. आडनाव कोणत्या भागात दाटीने आहे हे मात्र त्यातून चांगलं कळतं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेची बहुतेक पानं १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स या न्यायालय-संकुलातल्या दप्तरखान्याच्या आगीत जळाली, त्यामुळे ती मिळवून देतो म्हणणाऱ्या सेवेला आधी नमुना मागावा.

काउंटी कळली की विक्रेत्याला त्या भागातल्या घराण्याचा मजकूर मागा. तो नसेल तर फक्त आयरिश रूप सुंदर अक्षरांत लिहून घ्यावं, ते जास्त टिकाऊ. तेव्हा दोन गोष्टी बघा. आयरिश ‘ओ’वर तिरकी दीर्घ खूण आणि पुढे मोकळी जागा हवी, वरचा स्वल्पविराम इंग्रजी लेखनातला. आणि पट मुलीसाठी असेल तर ‘ओ’च्या जागी ‘नी’, ‘मॅक’च्या जागी ‘निक’ येतं आणि पुढचं अक्षरही अनेकदा बदलतं: ओ मुरखू (मर्फीचं आयरिश रूप), पण मुलीसाठी नी वुरखू. तयार पट जवळजवळ नेहमी पुरुषी रूपच छापतात, तेव्हा हे ऑर्डर देतानाच लिहून द्यावं.