गल्लीतली ड्रेनेज लाईन: काम ठीक, बिलाला पैकीच्या पैकी

आमच्या गल्लीत अकरा घरं, सगळ्यांचे सेप्टिक टँक, आणि दर दोन-चार महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा तुंबलेला. शेवटी सगळ्यांनी मिळून मेन लाईनपर्यंत ड्रेनेज टाकून घ्यायचं ठरवलं, साधारण 150 मीटर, दर 30 मीटरला एक चेंबर. कॉन्ट्रॅक्टरचं नाव देत नाही, काम कसं झालं तेवढं सांगते.

खरं भांडण कामाआधीच सुरू झालं होतं, वर्गणीवरून. मेन लाईनजवळचे काका म्हणाले माझ्या दारापासून चार पावलांवर मेन आहे, मी गल्लीभरच्या पाईपचे पैसे का देऊ. टोकाच्या वहिनी म्हणाल्या गल्ली सगळ्यांची तर सारखे भाग करा. तिसऱ्या एकाचं म्हणणं, ज्याच्या घरात माणसं जास्त त्याने जास्त द्यावेत. हे ऐकायला बरोबर वाटतं पण नाही, कारण आमच्या एवढ्या गल्लीला सहा इंची पाईप पुरतो, घरात दोन माणसं असोत की दहा, पाईप तोच आणि चरही तोच. पुढे लाईन साफ करायचा खर्च माणसांवर वाटा हवं तर, टाकायचा नाही.

इथे कॉन्ट्रॅक्टर कामाला आला. त्याने एकरकमी आकडा न देता बिल चेंबर ते चेंबर, पाच तुकड्यांत दिलं, प्रत्येक तुकड्याची लांबी, खोली, चेंबर, रस्ता परत करणं वेगवेगळं. मग हिशोब सरळ झाला, ज्या तुकड्यातून ज्यांचं पाणी जातं त्यांनीच तो वाटून घ्यायचा. म्हणजे मेनजवळचा तुकडा अकरा जणांत, पुढचा नऊ, मग सहा, चार आणि टोकाचा फक्त दोघांत. (माझी भाची म्हणाली हे जुनंच गणित आहे, विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च लहान-मोठ्या विमानांत कसा वाटायचा ते 1973 मध्ये लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी असंच मांडलंय. असेल, आम्ही आपलं वहीत रेघा मारून काढलं.)

पण पाचही तुकड्यांचा खर्च सारखा धरला तरी टोकाच्या घराला काकांच्या बारापट पडत होतं, वहिनींचा चेहरा बघवेना. त्यात काकांचा दुसरा मुद्दा खरा निघाला. 100 ला 1 ढाळ म्हटला की 150 मीटरला दीड मीटर खोली वाढते, म्हणजे काकांच्या दारातला चर एवढा खोल गेला तो वरच्यांच्या पाण्यामुळे, त्यांचं एकट्याचं काम वरवरच्या चरात भागलं असतं. शेवटी तोडगा निघाला, अर्धा खर्च सारखा, अर्धा तुकड्यांप्रमाणे, आणि पहिल्या तुकड्यातल्या जादा खोदाईचं वरच्या नऊ घरांनी बघायचं. आता टोकाचं घर काकांच्या तिप्पटीच्या थोडं वर देतं, दोघंही थोडे नाराज आहेत म्हणजे जमलं असावं.

रिकाम्या प्लॉटसाठी तोंड बंद करून जोड ठेवलाय, त्याचे पैसे सध्या आम्ही भरलेत, घर बांधून जोडेल तेव्हा त्याने द्यायचे आणि ते आम्हाला परत वाटायचे, हे कागदावर सह्या घेऊन केलं. तोंडी ठेवू नका, प्लॉट विकला गेला की नवा माणूस हात वर करतो.

काम म्हणाल तर पाईप सरळ आहे. माती लोटायच्या आधी मुकादमाने एका चेंबरमध्ये टॉर्च धरला, दुसऱ्यात आरसा, आणि मला वाकून बघायला लावलं, गोल उजेड पूर्ण दिसला. चौथ्या तुकड्यात चंद्रकोर दिसली, म्हणजे पाईप मध्ये बसलेला, तो त्यांनी कुरकुर न करता उकरून परत टाकला. वाईट काय तर माती थरांनी धुम्मस न करता ढकलून दिली, दोन पाऊस पडले आणि माझ्या गेटसमोर चर चांगला वीतभर खचला, स्कूटर काढताना रोज आठवण होते. एका चेंबरचं झाकणही डुगडुगतंय, रात्री गाडी गेली की खाडकन वाजतं.

पाचपैकी साडेतीन. बिलाची रीत नसती तर अडीच दिले असते. दहा टक्के रक्कम आम्ही अडवून ठेवलीय, खड्डा भरला आणि झाकण बसलं की देणार. फोन मात्र उचलतो, उद्या येतो म्हणालाय, गेल्या मंगळवारीही उद्याच म्हणाला होता.