ट्रामच्या वाटेने कुलाबा ते पायधुनी: सफर झकास, माईक भिकार

रविवारी सकाळी सातला कुलाब्याच्या इलेक्ट्रिक हाऊसपाशी जमायचं आणि जुन्या ट्रामच्या मार्गाने पायधुनीपर्यंत चालायचं. माणशी सहाशे रुपये, त्यात चहासुद्धा नाही. तरी जा म्हणेन, कारण माहिती सांगणारी मुलगी अभ्यास करून आलेली आहे.

सुरुवात तिने घोड्यांपासून केली. ९ मे १८७४ ला मुंबईत ट्राम धावली ती घोड्यांच्या जिवावर. स्टर्न्स आणि किट्रेज कंपनीचे ९०० घोडे होते आणि त्यांचा तबेला इथेच, कुलाब्यात. पायधुनीपर्यंतचं भाडं तीन आणे, पण तिकीट नाहीच! फुकटे वाढले तेव्हा कंपनीने तिकिटं काढली. मुंबईकर तेव्हाही मुंबईकरच.

फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत खोदताना जुने रूळ सापडले होते, ते कुठे आणि कसे, हे तिने फुटपाथवर उकिडवं बसून दाखवलं. एक फोटोही हातोहात फिरवला: ट्रामच्या बाकांच्या पाठी उलटवता येतात असा. शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायची नाही, पाठी धडाधड उलटवायच्या की झालं. माझी आई हे नेहमी सांगायची, डोळ्यांनी पाहिलं ते आत्ता.

बोरीबंदरला मात्र रटाळ झालं. स्टेशनच्या इमारतीवरचे मोर-माकडं बघायला आम्ही आलो नव्हतो हो! ७ मे १९०७ ला विजेची ट्राम सुटली ती समोरच्या महापालिका कार्यालयापासून, क्रॉफर्ड मार्केटकडे. ते दोन वाक्यांत उरकलं. त्यात माईक असा खरखरत होता की मागच्या चौघांना काही कळेना.

ट्राम बंद का झाली, याचं उत्तर 'काळ बदलला' एवढंच मिळालं. हे काही पटलं नाही. १५ जुलै १९२६ ला बस सुरू केली ती ट्रामवाल्याच कंपनीने. पुढे मोटारी वाढल्या. बस खड्डा चुकवते, कडेला घेते. ट्राम रुळावरून हलणार कुठे? एक गाडी अडली की मागची सगळी रांग अडली, आणि उतारू भर रस्त्यात उतरणार. एवढं तरी सांगायला हवं होतं.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. त्या मार्गावरही सफर काढणार म्हणतायत. माईक बदलला तर नाव नोंदवीन.