पाहुण्यांना ड्रम कोर दाखवायचाय: टीव्हीवर, अ‍ॅलनटाउनला की थेट इंडियानापोलिसला?

भारतातून आई-बाबा येतात ते मे-जूनमध्ये, आणि गणपतीच्या आत परतायचं असतं. नायगारा होतो, न्यू यॉर्क होतं, मंदिरं होतात. मग जुलैतल्या एखाद्या सकाळी चहाचा कप खाली ठेवत बाबा विचारतात, "आज काय?" आमच्या न्यू जर्सीच्या घरात गेली काही वर्षं या प्रश्नाला ड्रम कोर, म्हणजे मैदानावर कवायत करत वाजवणारे तरुणांचे बँड, हे उत्तर आहे. मुलगी शाळेच्या बँडमध्ये मेलोफोन हे पितळी वाद्य वाजवायला लागली आणि तिच्यामागून आम्ही दोघंही या नादाला लागलो. (इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी पी आणि एस दिसतात, पण उच्चार नुसता 'कोर'. पहिल्या वर्षी मी चारचौघांत 'कॉर्प्स' म्हणालो होतो, लेक अजून चिडवते.)

एव्हाना आई-बाबा, साडू, मराठी मंडळातली दोन कुटुंबं आणि एक कॉलेजात जाणारा पुतण्या, एवढ्यांना मी हे दाखवून झालंय. काहींना वेड लागलं, काहींनी पुन्हा नाव काढलं नाही. ज्यांनी नाव काढलं नाही त्यांच्या बाबतीत चूक बहुतेक माझीच होती, कारण सुरुवात चुकीच्या जागी करून दिली. तुम्ही यंदा कुणाला नेणार असाल तर निदान माझ्या चुका तरी टाळा.

आधी एक गोष्ट सांगून ठेवायला लागते, नाहीतर प्रश्न ठरलेला: "फुटबॉलच्या मध्यंतरात वाजतो तोच बँड ना?" मैदान तेच, यार्डांच्या रेषा त्याच, पण सामना नसतो. लोक येतात ते फक्त हे बघायला. सनई-बासरीच्या जातीतलं, म्हणजे क्लॅरिनेट, फ्लूट, सॅक्सोफोन असं काही नसतं. फक्त पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे फिरवणारा कलर गार्ड. मोठ्या कोरमध्ये दीडशेवर मुलं-मुली असतात आणि वयाची अट कडक, एकविसाव्या वर्षानंतर संपलं. उन्हाळाभर ही मुलं बसने गावोगाव फिरतात, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, दिवसभर उन्हात सराव करतात आणि संध्याकाळी दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम सादर करतात. तोच, रोज, ऑगस्टपर्यंत घासूनपुसून. वर याचे पैसे मुलांनाच भरावे लागतात, तेही हजारो डॉलर. हे ऐकल्यावर बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण पुरुषोत्तम करंडकासाठी दोन महिने तालमी करणारी पोरं ज्याने पाहिली आहेत, त्याला हे वेड फार समजावून सांगावं लागत नाही.

आता कुठून सुरुवात करायची ते.

सगळ्यात सोपा पर्याय घरचा टीव्ही. जुन्या कार्यक्रमांचे तुकडे सहज मिळतात, आणि पैसे भरून सभासद झालात तर हंगामातले चालू कार्यक्रम फ्लोमार्चिंगवर थेट दिसतात. पाय दुखत नाहीत, उन्हाचा त्रास नाही, मध्येच उठून भाजी परतता येते. पण नेमकी तीच अडचण आहे. मध्येच उठता येतं, म्हणून लोक उठतात. शिवाय कॅमेरा. तो जवळ गेला की ट्रम्पेट वाजवणाऱ्या मुलीचा घामेजलेला चेहरा दिसतो, पण त्याच क्षणी मागे दीडशे जणांचं वर्तुळ फुटून तिरकी रेषा झालेली असते ती हुकते. लांब गेला की सगळे मुंगीएवढे. आणि आवाज! अगदी हळू सुरापासून कानठळ्यांपर्यंतचा जो चढ असतो, तो टीव्हीच्या स्पीकरमध्ये सपाट होऊन जातो. मंडळातल्या मित्राला मी ब्लू डेव्हिल्स या कोरचा 2014 चा कार्यक्रम लावून दिला होता. का, तर 99.65 गुण, आजवर कुणालाच मिळाले नाहीत इतके! दहा मिनिटं तो सभ्यपणे बसला आणि म्हणाला, "छान आहे, पण चाललंय काय?" बरोबर होतं त्याचं. सर्वांत जास्त गुणांचा कार्यक्रम नवख्याला सर्वांत आधी दाखवायचा, ही माझी शुद्ध हौस होती.

टीव्हीच वापरायचा असेल तर गोष्ट असलेलं काहीतरी निवडा. फँटम रेजिमेंटचा 2008 चा स्पार्टाकस माझा हुकमी पत्ता आहे. गुलामांचं बंड ही गोष्ट दोन वाक्यांत सांगून होते, पुढचं मैदानावर कळतं. शिवाय त्या वर्षीचा निकाल 0.025 गुणांनी लागला, हे शेवटी सांगायचं. बाबांनी आयुष्यभर बँकेत हिशेब केले. तिसऱ्या दशांश स्थळावर विजेता ठरतो म्हटल्यावर ते सरसावून बसले, आणि शंभरपैकी चाळीस गुण एकूण परिणामाचे, तीस संगीताचे, तीस हालचालींचे ही वाटणी त्यांनी स्वतःहून विचारून घेतली.

दुसरं टोक म्हणजे इंडियानापोलिस. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ड्रम कोर इंटरनॅशनलची अंतिम स्पर्धा असते. 2009 पासून ती ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये भरते. गुरुवारी प्राथमिक फेरी, शुक्रवारी उपांत्य, शनिवारी रात्री पहिल्या बारांची अंतिम. मी मोठ्या उत्साहाने आई-बाबांना गुरुवारी नेलं. एकामागून एक कोर, सकाळपासून रात्रीपर्यंत! दुपारी दोन वाजता आई शाल पांघरून गाढ झोपली होती आणि समोर डझनाहून जास्त ट्युबा एका दमात वाजत होते. बाबा नवव्या कोरनंतर म्हणाले, "हे मघाशी येऊन गेले ना?" आले नव्हते. पण सवय नसलेल्या डोळ्यांना सगळे सारखेच दिसणार. पहिल्यांदाच शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला थेट सवाई गंधर्वच्या मंडपात आणून बसवलं, तर तो बिचारा काय करणार?

शनिवारची फेरी छोटी आणि सुंदर असते, तरी तिची एक अडचण आहे. तिथला अर्धा आनंद आठवणींचा असतो. 2025 मध्ये बोस्टन क्रुसेडर्स पहिल्यांदा जिंकले. संस्था 1940 ची, म्हणजे पंचाऐंशी वर्षांची वाट. निकाल जाहीर झाला तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ दोन्ही हातांत तोंड झाकून रडत होते. माझेही डोळे भरले. साडू माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "तुमच्या ओळखीचे आहेत का हे?" त्याला कार्यक्रम आवडला होता, पण ती रात्र त्याची नव्हती. हॉटेल, विमान, तिकिटं असा खर्च करून आणलेल्या माणसाला आपल्याच लग्नात परका केल्यासारखं झालं.

बंद छताच्या स्टेडियमबद्दल आणखी एक. आवाज छतावर आपटून परत येतो. ल्युकस ऑइल असो, सॅन अँटोनियोचा अलामोडोम असो की अटलांटाचं मर्सिडीज बेंझ स्टेडियम, खालच्या रांगांत तर तालवाद्यांचे बोल एकमेकांवर चढतात. तिकीट काढताना पन्नास यार्डांच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या रेषेजवळचं आणि जितकं वर मिळेल तितकं वरचं घ्या. क्रिकेटमध्ये सीमारेषेजवळची जागा भारी, इथे उलटं आहे. आकृत्या उंचावरूनच दिसतात. टेक्सासमधल्या मंडळींना मात्र अलामोडोमला पर्याय नाही म्हटलं तरी चालेल. जुलैतल्या तिथल्या उन्हात उघड्यावर सासूबाईंना बसवण्यापेक्षा घुमलेला आवाज परवडला.

या दोन टोकांच्या मध्ये सिनेमागृह येतं. गुरुवारची प्राथमिक फेरी देशभरातल्या काही थिएटरांत थेट दाखवतात. पडदा मोठा, आवाज घरच्यापेक्षा कितीतरी चांगला, खुर्ची मऊ. पण कॅमेऱ्याचा प्रश्न तोच, आणि हॉल अर्धा रिकामा असला की टाळ्या वाजवायला संकोच वाटतो. आधी एकदा प्रत्यक्ष पाहिलेल्यांसाठी ठीक. मी नवीन माणसाला परत नेणार नाही.

माझं मत उघडच आहे: पहिल्यांदा नेताना छोटा, उघड्यावरचा कार्यक्रम निवडा. आमच्यासाठी तो पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनचा. एडिसनहून दीडेक तासाचा रस्ता, जे. बर्नी क्रम स्टेडियम, हंगाम संपत आलेला असतो म्हणजे कार्यक्रम बसलेले असतात. कोर दोन संध्याकाळींत वाटलेले असल्यामुळे एका दिवसाचं पोट जड होत नाही. सूर्य मावळतो, दिवे लागतात, पायऱ्यांवर बसलेली माणसं ओरडतात, आणि पितळी वाद्यांचा आवाज छताला न आदळता सरळ छातीवर येतो. चटई किंवा उशी न्या, बाक कठीण असतात. पाऊस आला तर कार्यक्रम थांबतो, कधी रद्दही होतो, ही जोखीम आहेच. एकदा आम्ही छत्र्या धरून गाडीत डब्यातले थालीपीठ खात पाऊण तास काढला. पुतण्याच्या मते संध्याकाळचा उत्तम भाग तोच.

दाद कधी द्यायची हे मात्र आधी सांगून ठेवा. आपली माणसं पाश्चात्त्य संगीत म्हटलं की हात मांडीवर ठेवून गप्प बसतात. इथे तसं नाही. बैठकीत समेवर जशी 'क्या बात' निघते, तशी इथेही मध्येच निघते, नव्हे, निघालीच पाहिजे. सगळी पितळी वाद्यं जागच्या जागी उभी राहून प्रेक्षकांकडे तोंड करून पूर्ण ताकदीने वाजवतात, त्याला रसिक 'पार्क अँड बार्क' म्हणतात. तेव्हा अख्खं स्टेडियम उठतं. आईसुद्धा उठली होती, पर्स सांभाळत.

पण खरी जादू तिकीट न लागणाऱ्या जागी आहे, आणि ती बहुतेकांना माहीत नसते. कार्यक्रमाआधी प्रत्येक कोर आसपासच्या पार्किंगमध्ये किंवा मोकळ्या जागेत वाद्यं तापवतो. याला 'लॉट' म्हणतात. तिथे तुम्ही स्नेअर, म्हणजे ताशासारखे ड्रम वाजवणाऱ्या मुलांपासून चार-पाच हातांवर उभे राहू शकता. फक्त वाट अडवायची नाही आणि मुलांशी बोलायचं नाही.

बाबा तरुणपणी साताऱ्यात गणपतीत ताशा वाजवायचे. टीव्हीवरच्या ड्रम कोरला त्यांनी "बरंय" म्हटलं होतं, स्टेडियममध्ये पेंगले होते. लॉटमध्ये मात्र ते पुढे सरकत सरकत कधी पहिल्या ओळीत गेले कळलं नाही. समोर नऊ स्नेअर, अर्धवर्तुळात. आठ ठोके उजव्या हाताने, आठ डाव्या हाताने, बस, एवढंच. नऊ काठ्या एकाच उंचीवर उठत होत्या आणि आवाज एकाच ताशाचा येत होता. बाबांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. मग शेजारचे पाच बास ड्रम सुरू झाले, मोठ्यापासून लहानापर्यंत उतरते आकार, आणि एकच लय पाच जणांत वाटून घेतलेली: एकाने सोडली की दुसऱ्याने उचलली, मध्ये केसाएवढी फट नाही. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "आमच्या पथकात ढोल सगळे एकच ठेका धरायचे. हे तर एकाच माणसाचे पाच हात केलेत." आत्तापर्यंत केलेल्या माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा हे वाक्य भारी होतं.

आईचं वेगळं. तिचं लक्ष कलर गार्डवर. मुली पांढऱ्या लाकडी बंदुका हवेत उंच फेकून गिरक्या घेऊन झेलत होत्या. "या बंदुका कशाला गं बाई?" हा तिचा पहिला प्रश्न. हे सगळं मुळात युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी गावातल्या मुलांसाठी उभं केलेलं, म्हणून कवायतीची खूण राहिली, असं मी सांगितलं. "म्हणजे आमचं लेझीमच," ती म्हणाली. एका मुलीच्या हातून बंदूक निसटून डांबरावर आपटली. तिने पापणीही न हलवता उचलली आणि पुढच्या मात्रेला परत फेकली. त्या संध्याकाळी स्टेडियममध्ये आई दहा मिनिटं फक्त त्याच मुलीला शोधत होती. सापडली. झेललं तिने. आईने टाळ्या वाजवल्या तेव्हा आसपास कुणीच वाजवत नव्हतं.

लॉटच्या उलट, वाजवण्यात फार गोडी नसलेल्यांसाठी दिवसाचा सराव बरा. कोर गावातल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर उतरलेला असतो, आणि बरेच कोर लोकांना पायऱ्यांवर बसून बघू देतात. चोवीस मात्रांचा एक तुकडा वीस वेळा. कंटाळवाणं वाटेल, पण कॉलेजातल्या पुतण्याला नेमकं तेच आवडलं. आपल्याच वयाची पोरं सनस्क्रीन फासून, गॅलनभर पाण्याचे बाटले बाळगून पुन्हा पुन्हा त्याच खुणेवर येऊन उभी राहतात, हे. कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना तर हे सगळं दाराशी आहे. सांता क्लारा व्हॅनगार्ड सनीव्हेलच्या शेजारचाच, आणि ब्लू डेव्हिल्स कॉन्कर्डचे. ऑफिसच्या वाटेवर व्हॅनगार्डसारखी 1967 पासूनची संस्था आहे आणि पत्ताच नाही, असे तिथले निदान तीन मित्र मला माहीत आहेत.

खूप लहान मूल बरोबर असेल तर कानांवर बसणारे जाड मफ घ्या आणि समोरच्या तालवाद्यांपासून, म्हणजे मरिंबा आणि स्पीकर असतात त्या भागापासून लांब बसा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना सर्वांत वरच्या रांगेचं तिकीट काढू नका, आकृत्या गेल्या खड्ड्यात. आणि कार्यक्रम चालू असताना उठून आत-बाहेर करता येत नाही, तेवढं आधी उरकून घ्या.

यंदा मावशी येतेय. तिला मोठा आवाज सोसत नाही, गर्दी तर नाहीच. तिच्यासाठी मी एकच बेत ठरवलाय: अ‍ॅलनटाउनला दुपारी पोचायचं, लॉटमध्ये झाडाखाली घडीची खुर्ची टाकायची, बाबांना तिच्याशेजारी उभं करायचं. स्टेडियमची तिकिटं काढलेलीच नाहीत. बाबांनी मात्र परवा फोनवर विचारलं, "एक जास्तीचं मिळेल का बघ, वरच्या रांगेतलं."