ब्रेंटफर्ड की फ्रायबुर्ग? फुटबॉल क्लब चालवण्याच्या दोन वाटा

क्लबात पैसा घालायचा विचार असेल, तर आधी हे ठरवा की तोटा कोण सोसणार आणि किती वर्षं. लंडनचा ब्रेंटफर्ड आणि जर्मनीतला फ्रायबुर्ग, दोघेही मोठ्या क्लबांच्या पंक्तीत जाऊन बसले ते या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं घेऊन.

ब्रेंटफर्डची सूत्रं 2012 पासून मॅथ्यू बेनम या जुन्या चाहत्याच्या हाती. सट्टेबाजीच्या आकडेमोडीत कमावलेला पैसा त्याने क्लबात ओतला, पण खरं कसब खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत दिसतं. 2017 मध्ये एक्सेटरकडून साधारण 18 लाख पौंडांत घेतलेला ऑली वॉटकिन्स कडेने खेळायचा. 2019 मध्ये स्ट्रायकर नील मोपे विकल्यावर त्यालाच मध्यभागी आणलं आणि त्याने लीगमध्ये 25 गोल केले. 2020 मध्ये तो सुमारे 2 कोटी 80 लाख पौंडांना ॲस्टन व्हिलाला गेला. त्याच्या जागी येणाऱ्या आयव्हन टोनीचा करार मात्र त्याआधीच काही दिवस झाला होता. टोनीने 31 गोल ठोकले आणि 2021 मध्ये संघ प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. बहुतेक क्लब आधी विकतात आणि मग बदली खेळाडू शोधत धावतात. तोवर तुमच्या खात्यात पैसा आलाय हे सगळ्यांना कळलेलं असतं, आणि भाव चढतो.

फ्रायबुर्ग आजही सदस्यांची संस्था आहे. मोठा गुंतवणूकदार नाही, म्हणून खर्च उत्पन्नाच्या आतच. भर स्वतःच्या अकादमीवर. प्रशिक्षक क्रिस्तियान श्ट्राइशही तिथूनच वर आला. 2024 मध्ये त्याच्यानंतर जुना कर्णधार युलियान शुस्टर आला, जो आधी युवा संघ आणि मुख्य संघ यांच्यातला दुवा म्हणून काम करत होता. या वाटेचा तोटा म्हणजे संथ वेग. नव्या स्टेडियमसाठी शहरात मतदान झालं 2015 मध्ये, सामने सुरू झाले 2021 मध्ये.

दोघांनी एक गोष्ट मात्र सारखीच जपली. 2018 मध्ये नवा प्रशिक्षक थॉमस फ्रँक पहिल्या 10 पैकी 8 सामने हरला, तरी ब्रेंटफर्डने त्याला ठेवलं. 2015 मध्ये संघ खालच्या लीगमध्ये घसरला, तरी फ्रायबुर्गने श्ट्राइशला ठेवलं, आणि पुढच्याच वर्षी ते विजेते होऊन वर आले.

दहा वर्षं तोटा सोसायची ऐपत असलेला, रोजच्या कामात लुडबुड न करणारा मालक असेल तर ब्रेंटफर्डची वाट धरावी. नसेल तर बेलाशक फ्रायबुर्गची. मालकाने मधेच हात काढला की काय होतं, हे 2019 मध्ये बंद पडलेल्या एफसी पुणे सिटी या फुटबॉल क्लबाच्या चाहत्यांनी पाहिलंच आहे.

करारावर सही करण्याआधी कागद मागून घ्या. मालकाचा पैसा भागभांडवल आहे की कर्ज? मैदान कुणाच्या नावावर आहे? इंग्लंडच्या डर्बी काउंटी क्लबाच्या मालकाने 2018 मध्ये स्टेडियम क्लबकडून स्वतःच्याच कंपनीकडे घेतलं. त्या विक्रीने ताळेबंद तेवढ्यापुरता सावरला, पण 2021 मध्ये दिवाळखोरीमुळे क्लबाचा कारभार प्रशासकांकडे गेला, एकूण 21 गुण कापले गेले आणि संघ तिसऱ्या स्तरावर घसरला.