आवाजाची स्ट्रोबोस्कोपी: नौपाड्यातल्या एका दवाखान्याचा रिव्ह्यू

ठाण्यात नौपाड्यातल्या या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात साधी दुर्बीणही आहे आणि स्ट्रोबोस्कोपही, म्हणजे लुकलुकत्या दिव्याने स्वरतंतूंची हालचाल संथ करून दाखवणारं यंत्र. गाणारे, नाटकात काम करणारे, दिवसभर वर्ग घेणारे शिक्षक यांनी अपॉइंटमेंट घेतानाच 'स्ट्रोब करायची आहे' असं स्पष्ट सांगावं. तपासणीला पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येतंच.

साध्या दुर्बिणीत स्वरतंतू उघडलेले दिसतात, मिटलेले दिसतात. आवाज निघत असताना मात्र नुसतं धूसर दिसतं. पेटीवरच्या काळी चारचा सा लावला की दोन्ही तंतू सेकंदाला साधारण २०८ वेळा उघडमीट करतात. काळी एकमध्ये खालचा सा लावणाऱ्या पुरुषाचे १३९ वेळा. छातीतून येणारी हवा मिटलेल्या तंतूंना खालून ढकलून फट पाडते, तंतूंचा ताण आणि फटीतून वेगाने जाणाऱ्या हवेचा उतरलेला दाब त्यांना परत जवळ ओढतो. हवा अशी तुटक तुटक वर सुटते, तोच मूळ आवाज. त्याला आ-ई-ऊचा रंग नंतर घसा, जीभ आणि ओठ देतात.

स्ट्रोबचा दिवा या गतीच्या किंचित मागे राहून लुकलुकतो, २०८ असेल तर सुमारे २०६.५ वेळा. दर झोतात फेरीतला जरा पुढचा क्षण सापडतो आणि पडद्यावर तंतू सेकंदाला दीडदाच हलल्यासारखे दिसतात. मग तंतूच्या कडेचं मऊ आवरण दिसू लागतं. गरम दुधावर फुंकर घातली की साय सुरकुतत सरकते ना, अगदी तशी लाट त्यावरून जाते. तपासणीचा सगळा अर्थ या लाटेत आहे. तंतूच्या आत गाठ दबलेली असेल तर वरून पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, पण तेवढ्या जागेवर लाट अडते. साध्या दुर्बिणीत हे सहज निसटतं.

पद्धत इथे व्यवस्थित आहे. घशात बधिर करणारा स्प्रे, गळ्यावर कंपनांची गती टिपणारा छोटा माईक, गॉजमध्ये धरून पुढे ओढलेली जीभ, तोंडातून ताठ दुर्बीण. मग 'ई' म्हणायचं. 'आ' का नाही? 'ई'ला जिभेचं मूळ पुढे येतं, त्याबरोबर स्वरयंत्रावरचं झाकण पुढे होतं आणि आतलं मोकळं दिसतं. स्वर दोन-तीन सेकंद तरी स्थिर धरावा, नाहीतर दिव्याला गती सापडत नाही. आवाज फारच घोगरा असेल तर कंपनंच अनियमित असतात, मग चित्र थरथरत राहतं. तो यंत्राचा दोष नव्हे. गळ्यावरचा माईक ओढणीला किंवा मंगळसूत्राला घासला तरी असंच होतं, म्हणून ती आधीच बाजूला करावीत. तंतूवर पांढुरका ठिपका दिसला तर इथे गिळायला सांगून पुन्हा बघतात, हे फार चांगलं. बऱ्याचदा तो चिकट कफ असतो आणि गिळल्यावर जातो.

आता पाचवा तारा. सगळी तपासणी एकाच, सोयीच्या सुरात उरकतात. तार सप्तकात आवाज फाटत असेल तर तिथलाच स्वर तपासायला हवा. वर जाताना तंतू ताणून पातळ होतात आणि बारीक सूज तिथेच उघडी पडते. मॅन्युएल गार्सिया हा गाणं शिकवणारा माणूस. १८५४ मध्ये त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले होते. गवयाची अडचण गाताना बघितली तरच कळते. तेव्हा त्रासाचा नेमका स्वर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावा. शब्द म्हणताना आवाज अडकत असेल तर नाकातून घालायची लवचिक दुर्बीण मागावी, कारण जीभ धरलेली असताना शब्द निघत नाहीत.

रिपोर्टवर एकच फोटो चिकटवून देतात. एका फोटोत लाट दिसणार कशी? व्हिडिओ मागितला तर देतात, पेन ड्राइव्ह आपला न्यावा. स्पीच थेरपिस्टकडे तोच दाखवायचा असतो. रिपोर्टमध्ये 'मागच्या बाजूला छोटी फट' असं आलं तर तरुण मुलींनी घाबरू नये, त्यांच्यात ती बहुधा नॉर्मल असते. दोन्ही तंतूंवर समोरासमोर, कंप पावणाऱ्या भागाच्या मध्यावर फुगवटे असतील तर ते नोड्यूल. तिथेच टक्कर सगळ्यात जोरात बसते. अशा वेळी आधी व्हॉइस थेरपी, ऑपरेशनचा विचार नंतर.

सर्दी-खोकला जोरात असताना ही तपासणी करू नये, सगळंच लाल आणि सुजलेलं दिसतं. पण आवाज चार आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर थांबू नये. स्प्रेचा बधिरपणा जाईपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, खाली गोखले रोडवर चहा-वडापावही नको, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.